शिक्का माझ्याच हातचा

प्रिय अगं,

हे 'प्रिय' लिहायलाच मला पाव तास लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण तू कधी कुठं गेलीच नाहीस. आणि गेलीस ती एकदम समुद्रापलीकडे. वर नाव लिहावं तर हात धजेना. जन्मभर मी 'अगं' म्हणालो आणि तू 'अहो', तेवढ्या दोन शब्दांवर आपलं सगळं निभावलं. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, पण ते तिकडच्या पोस्टमनसाठी. आत तू 'अगं'च.

आधी एक सांगून ठेवतो. हे पत्र एकटी असताना वाच. लेकीसमोर मोठ्यानं वाचायला घेऊ नकोस, तुला ती सवय आहे. रविवारच्या फोनवर मला काही म्हणता काही बोलता येत नाही. तुम्ही तो फोन टेबलावर उभा करता आणि लेक, जावई, दोन्ही जुळी तान्ही, सगळे त्या चौकोनात कोंबून बसता. मी तुला 'कशी आहेस' विचारलं की उत्तर जावई देतात. 'आई एकदम मजेत!' अहो जावईबापू, तुम्हाला विचारलं का मी? आणि मी जरा मनातलं बोलायला तोंड उघडावं, तर तू ओरडतेस, 'अहो, फोन खाली धरा, नुसता पंखा दिसतोय!' पंख्याच्या तोंडून माणूस काय बोलणार? म्हणून कागद घेतला. पाकिटाचं वजन दोनदा करून घेणार आहे. पोस्टातल्या माणसाचा मला भरवसा नाही.

बातमी अशी की व्हिसाच्या कचेरीचं पत्र आलंय. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी साडेदहाला, मला पुन्हा मुलाखतीला बोलावलंय. प्रश्न इंग्रजीत, सोपे, मागच्यासारखेच. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की या वेळी नामंजूर झालं तर दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. वर्गातल्या बाईंकडून तीन वेळा वाचून घेतलं. माझं वय बहात्तर. दोन वर्षांनी मी अर्ज करीन की माझ्या नावानं दुसराच कसला कागद निघेल, कुणी सांगावं? तेव्हा काय व्हायचं ते नऊ तारखेला.

तर आपला इंग्रजीचा वर्ग सुरूच आहे. तू गेल्यापासून एकही दिवस बुडवलेला नाही. तीच प्राथमिक शाळा, संध्याकाळी पाच ते सहा, तेच पोराटोरांचे बाक. गुडघे बाकाला अडकतात. उठताना माणसाबरोबर बाकही उठतो. तुझी पुढची जागा आता औषधाच्या दुकानवाल्याच्या बायकोनं बळकावलीय. हुशार आहे, पण तुझ्याइतकी नाही, हे मी बाईंना सांगितलंही. बाई म्हणजे कालची पोर, पंचविशीची, खडूनं बोटं पांढरी. मला 'आजोबा' म्हणते आणि बहिऱ्याशी बोलावं तसं बोलते. पाच महिने झाले आणि आम्ही अजून त्या एका क्रियापदावरच. हॅव, हॅव, हॅव! कुत्रं तरी मध्येच थांबतं.

मी म्हणतो, आपल्या भाषेत कसं सगळं जिथल्या तिथं असतं. छत्री माझ्याकडे आहे. ताप मला आहे. घर माझं आहे. लेक मला आहे. प्रत्येकाला आपापली जागा. या लोकांनी सगळ्या भांड्यांवर एकच झाकण बसवून ठेवलंय. आय हॅव अ हाउस, आय हॅव अ फीवर, आय हॅव अ डॉटर. घर, ताप आणि लेक एका रांगेत! वर चहा पितानाही हॅव आणि आंघोळ करतानाही हॅव. मी विचारलं, बाई, आंघोळ माझ्याकडे असते म्हणजे कुठं असते, कपाटात? बाई म्हणाली, आजोबा, 'का' असं विचारायचं नाही, तसंच म्हणायचं. मग शिकायचं तरी कशाला, पोपट आणा की एक.

परवा तर मी चिडलोच. बाईनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, 'माझ्याकडे छत्री आहे' आणि 'मला बायको आहे', दोन्हींत तोच हॅव, आणि मला उभं केलं. मी म्हटलं, हे चुकीचं आहे. छत्री माझ्याकडे आहे, ही बघा, बाकाला टांगलीय. बायको माझ्याकडे कुठं आहे? ती लेकीकडे आहे. सगळा वर्ग हसला. तो आपला सलूनवाला तर बाकावर हात आपटून हसला. बाईही हसली. मीही हसलो. नंतर बसलो आणि बराच वेळ फळ्यावरचं काही उतरवून घेतलं नाही.

आणखी एक खोड बघ त्या क्रियापदाची. मी असलो तर हॅव, तू असलीस तरी हॅव, आणि 'ती' असली की हॅज. समोर बसलेल्या माणसाला एक आणि जो समोर नाही त्याला वेगळं. हा कुठला न्याय? तू पुढच्या बाकावर होतीस तेव्हा आपण दोघं हॅवमध्ये होतो. आता गेले पाच महिने मी तुला हॅज लावतो. शी हॅज टू ग्रँडसन्स. शी हॅज अ बिग किचन. बाई 'व्हेरी गुड' म्हणते. तिला काय जातंय.

अक्षरांचं माझं दुखणं तुला ठाऊकच आहे. सहावीत शाळा सुटली आणि शिक्क्यांच्या दुकानात लागलो. इंग्रजी मी जन्मभर जुळवलं, पण वाचलं कधी नाही. गिऱ्हाइकानं चिठ्ठी द्यायची, मी आकार बघून शिशाचे अक्षरांचे खिळे लावायचे, त्यांवरून रबराचा शिक्का काढायचा, आणि खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. चोपन्न वर्षं मी इंग्रजी आरशातलं पाहिलं. आता सुलटं समोर आलं की अनोळखी वाटतं. सख्ख्या भावाला मागून ओळखावं आणि तोंड फिरवल्यावर कोण म्हणून विचारावं, तसं. वहीत लिहितो तर निम्मी अक्षरं उलटी पडतात. बाईला आधी वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. मग मी तुझा आरसा न्यायला लागलो. तो पिवळ्या मुठीचा, तू घाईत मधल्या खणात विसरून गेलीस तो. पुस्तकाशेजारी आरसा धरतो आणि त्यात वाचतो, झरझर. औषधवाल्याची बायको म्हणते, आजोबा, पावडरही लावत चला आता. लाज नाही उरली कुणाला. पण गंमत सांगतो, हॅव या शब्दातली पहिली तीन अक्षरं, एच, ए आणि व्ही, मोठी काढली तर उलटी काय आणि सुलटी काय, सारखीच. एकटा शेवटचा ई तोंड फिरवतो. विमानतळावर काचेपलीकडे तू फिरवलंस ना, तसं. नंतर एकदाही मागे बघितलं नाहीस. मी खांबाजवळ उभा होतो. तुला वाटलं असेल, गेलो.

घरचं म्हणशील तर सगळं ठीक आहे, म्हणजे काही ठीक नाही. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकतो. नळवाला येतो, नळाकडे बघतो, मान हलवतो आणि जातो. भात रोज दोन माणसांचा होतो, हाताचं माप बदलत नाही. उरलेला सकाळी खातो, मग दुपारी भूक नसते, मग संध्याकाळी वर्गात पोट ओरडतं. कुलूप लावून जिन्याखाली गेलो की गॅस बंद केला का ते आठवत नाही, परत वर येतो. परवा तीन वेळा वर आलो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, भावजी, व्यायाम करताय का? या वहिनी रोज विचारतात, ताई कधी येणार? मी रोज सांगतो, एवढा महिना गेला की. आणि मागच्या रविवारी तू फोनवर किती सहज म्हणालीस, 'अहो, मी अजून सहा महिने राहते. पोरांना माझी सवय झालीय.' लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. 'बरं' म्हणालो. मग तुला पंखा दिसला.

आता वहिनींना काय सांगू ते मला सुचत नाही.

सलूनवाला मात्र माझ्यामागे हात धुऊन लागलाय. त्याला परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचंय म्हणून तो वर्गात येतो, पण सध्या त्याला माझ्या व्हिसाचीच जास्त काळजी. दुपारी दुकान रिकामं असलं की मला खुर्चीत बसवतो, गळ्याभोवती पांढरं कापड बांधतो, म्हणजे मी पळून जाऊ नये, आणि स्वतः साहेब होतो. कानामागे कंगवा, चेहरा करडा. डू यू हॅव अ हाउस? येस, आय हॅव अ हाउस. डू यू हॅव एनी इलनेस? नो, आय हॅव नो इलनेस. इथपर्यंत मी घोड्यासारखा धावतो. मग तो विचारतो, डू यू हॅव फॅमिली देअर? म्हणजे तिकडे तुमचं कुणी आहे का? आणि इथंच घोडं पेंड खातं. आरशात माझा मलाच चेहरा दिसतो आणि मी कापडाची गाठ सोडायला लागतो. सलूनवाला वैतागतो. म्हणतो, 'काका, कमाल करता! सगळ्यांत सोपा प्रश्न हाच! लेक आहे म्हणायचं, मोकळं व्हायचं!' एकदा तर त्यानं कंगवा फेकला. त्याला वाटतं मला येत नाही.

तुलाही तेच वाटतं. सगळ्यांनाच. ती पहिल्या मुलाखतीची गोष्ट आता घरोघरी झालीय. जावयांनी त्यांच्या मित्रांना सांगितली, लेकीनं शेजारणीला. की आमचे बाबा मुलाखतीला बसले, समोर साहेबाच्या टेबलावर शिक्के मांडलेले, आणि बाबांनी त्यातला नामंजुरीचा शिक्का ओळखला. तो बाबांनीच बनवला होता! म्हणून बाबांचं लक्ष उडालं, साहेब विचारतोय काय आणि बाबा बघताहेत काय, शेवटी तोच शिक्का त्यांच्या अर्जावर बसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हसून हसून लेकीच्या डोळ्यांत पाणी. तूही हसतेस, प्रत्येक वेळी. दर वेळी नव्यानं.

शिक्का माझा होता, ते खरं आहे. नामंजुरीचा तो इंग्रजी शब्द आर या अक्षरापासून सुरू होतो, आणि माझ्या खिळ्यांच्या खणात एक आर असा होता, ज्याच्या पायाचा टवका उडालेला. लंगडा आर. मी तो कधी टाकला नाही. नजरेला सवय नसलेल्याला तो कळायचाही नाही. सहा-सात वर्षांपूर्वी स्टेशनरीच्या एका व्यापाऱ्यानं डझनभर शिक्के करून घेतले होते, त्यातला तो एक तिथपर्यंत पोचला असणार. टेबलावर आधीच्या कुणाच्या तरी कागदावर तो उमटलेला मी पाहिला, शाई जास्त, कडा पसरलेल्या. शाईचा पॅड ओला ठेवतात आणि मग शिक्क्याला नावं ठेवतात.

पण लक्ष उडालं नव्हतं, अगं. तिथंच थांबलं होतं.

आठव ते दिवस. तू कणीक मळता मळता वाक्यं म्हणायचीस. मला चहा देताना 'डू यू हॅव शुगर' विचारायचीस आणि मी चिडायचो. मुलाखतीत तुझा नंबर माझ्या आधी. काचेतून मी बघत होतो. तू सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस आणि वर त्या साहेबालाच विचारलंस, डू यू हॅव चिल्ड्रन? तो साहेब हसला, त्यानं दोन बोटं दाखवली. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा असा होता, की तो मी आपल्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तू म्हणालीस, 'जा, काही अवघड नाही.' आणि मी आत गेलो.

साहेबानं घराचं विचारलं, मी बरोबर सांगितलं. तब्येतीचं विचारलं, सांगितलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला. मला तो कळला. पहिल्या वेळेलाच कळला, शब्द न् शब्द. तूच तो माझ्याकडून शंभर वेळा घोटून घेतला होतास. उत्तर जिभेवर तयार होतं. आणि मी म्हणालो, नो.

साहेब भला माणूस. त्याला वाटलं, म्हातारा घाबरलाय. त्यानं सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं. समोरच्या फाईलमध्ये लेकीनं पाठवलेलं बोलावण्याचं पत्र होतं, तिची सही होती, तिच्यावर त्यानं बोट ठेवलं. म्हणजे उत्तरच दाखवलं मला, परीक्षेत मास्तरनं दाखवावं तसं. मी त्या सहीकडे बघितलं. तिला अक्षर मीच गिरवायला लावायचो लहानपणी, आठवतं? आणि मी त्या साहेबाच्या तोंडावर, पूर्ण वाक्यात, एकही चूक न करता म्हणालो, आय हॅव नो डॉटर.

मग शिक्का पडला. मला तो पडायला हवा होता.

का म्हणून विचारशील. मला भीती वाटत होती. दुकानात होतो तोवर माणसं माझ्याकडे येत. मोठमोठ्या कचेऱ्यांचे शिपाई माझ्या फळीपुढे उभे राहत, की काका, आजच्या आज द्या, साहेब खोळंबलेत. दुकान बंद झालं तरी आपल्या गल्लीत मला विचारणारे चार लोक आहेत. तिकडे मी कोण? रस्ता ओलांडताना जावयांनी हात धरायचा, दुकानात गेलो तर नातवंडांनी, मोठी झाली की, माझ्या वतीनं बोलायचं. आंघोळीचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेही विचारायचं. आणि मेलो तर तिथंच. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काहीतरीच तुमचं. मनात आणखी एक होतं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला खात्री होती, की मला नाही म्हणाले तर तूही जाणार नाहीस. चव्वेचाळीस वर्षांत माझं ताट वाढल्याशिवाय तू शेजारच्या गल्लीत गेली नव्हतीस. मी हिशेब केला, की एक खोटं बोललो की दोघंही घरी.

बाहेर आलो, लंगड्या आरची गोष्ट सांगितली. तू आधी रडलीस. मग डोळे पुसलेस आणि म्हणालीस, 'मग मी पुढं होते. पोरीला दिवस भरत आलेत. तुम्ही मागून या.' आणि बॅग भरायला घेतलीस! मला वाटलं, चार दिवसांत विचार बदलेल. तू मला भात किती शिट्ट्यांचा ते दाखवायला लागलीस. नळवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलास. जाताना तुझ्या पावलांत जी घाई होती, ती मी खांबाजवळून बघत होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. डाव माझाच, आणि तो माझ्याच अंगाशी आला. पाच महिने मी बाईवर चिडतो, सलूनवाल्यावर चिडतो, नळावर चिडतो, त्या बिचाऱ्या क्रियापदावर चिडतो. खरं कुणावर चिडलोय ते तुला आता कळलं असेल.

आता नऊ तारखेला साहेबापुढे माझी जुनी नोंद उघडी असणार. या गृहस्थाला लेक नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. मागच्या वेळी खोटं बोललो हे सांगायला मला शब्द नाहीत. बाई म्हणते, झालेल्या गोष्टींचं पुढच्या वर्गात, आपण अजून वर्तमानकाळातच आहोत. म्हणजे माझ्याजवळ एकच क्रियापद आणि तेही आजचं. मी बाईला विचारलं, भीतीला काय म्हणतात? तिनं शब्द सांगितला, पण म्हणाली, आजोबा, भीतीला हॅव लावत नाहीत. मी म्हटलं, राहू दे, साहेब भला आहे, समजून घेईल. मी तीन वाक्यं पक्की केलीत. आय हॅव अ डॉटर. आय हॅव अ वाइफ. आय हॅव फिअर. यापुढं त्याला काय विचारायचं ते विचारू दे.

पहिलं वाक्य तोंडात बसेना, म्हणून काल पलंगाखालची जुनी पेटी ओढली. ती टाकून द्या, म्हणून तू दुकान बंद झाल्यापासून ओरडतेस, तीच. खिळे अजून चांगले आहेत. जुळवायला बसलो, उलटी अक्षरं, डोळे मिटूनही लागतात. डॉटरच्या शेवटी आर आहे. चांगले आर पाच-सहा होते. मी मुद्दाम तो लंगडा घेतला. त्याच्या पायानं नाही म्हटलं होतं, त्याच्याच पायानं आता हो म्हणावं. शिक्का करून वर्तमानपत्रावर चाळीसेक वेळा उमटवला, आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणालो. वहिनी जिन्यातून विचारत होत्या, भावजी, सगळं ठीक ना? पत्राच्या समासात एक ठसा दिलाय तो बघ. शाई बेताची आहे. हे लेकीला तू सांगू नकोस. तिला मीच सांगणार आहे, तोंडानं, एका खोलीत बसून. फोनवर नाही.

पण हे पत्र मी लेकीसाठी लिहिलेलं नाही. तिची नोंद दुरुस्त करायला मी नऊ तारखेला जाणारच आहे, कुणी काहीही म्हणो. पत्र लिहिलं ते तुला एक विचारायला. पाच महिन्यांत तू नळाचं विचारलंस, गॅसचं विचारलंस, माझ्या गुडघ्यांचं विचारलंस. पण 'तुम्ही या' असं एकदाही म्हणाली नाहीस. जाताना म्हणाली होतीस, त्यानंतर नाही. तिकडे तुला मोठं स्वयंपाकघर आहे, दोन नातू आहेत, बोलायला इंग्रजी आहे. मी तिथं तुला हवा आहे का, की पुन्हा एक ताट वाढायला लागेल म्हणून नको आहे, ते मला कळत नाही, आणि सगळ्यांसमोर तुला विचारायची माझी छाती नाही. पत्र पोचायला दहा दिवस लागतील. त्याच्या पुढच्या रविवारी फोन होईल. तेव्हा फक्त एवढंच म्हण, 'अहो, येताना माझा तो आरसा आणा.' कुणाला काही समजणार नाही, जावयांनाही नाही. आणि नको असेन तर आरशाचं नाव काढू नकोस, मी तो परत मधल्या खणात ठेवीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. त्या दिवशी फोन मी नीट खाली धरीन. पंखा दिसणार नाही.

तुझाच,
अहो